पाळणा मागणारी पत्रं

सामंतांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, जरा धरता?"

मी धरलं. बाबांच्या लाकूड कातायच्या लेथची लांबी पाच फूट दोन इंच भरली. त्या लेथच्या घरघरीत मी लहानाची मोठी झाले, पण ती टेप लावून मोजायची वस्तू असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"रिसेप्शनच्या डाव्या हाताला बरोबर बसेल," सामंत म्हणाले. मालवणच्या बाजूला एक रिसॉर्ट उभं राहत होतं आणि त्याची सजावट त्यांच्याकडे होती. "वरून पिवळा दिवा सोडू. शेजारी पाटी, त्यावर मेस्त्रीकाकांचं नाव आणि फोटो. काका, फोटोत जरा हसाल ना?"

"हसण्यासारखा काय आसला तर हसान," बाबा म्हणाले.

कोपऱ्यात शेवंताआत्या पाटावर बसून लाकडी केळ्याला हिरवं देठ रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तेचो फोटो काढूचो तर आदी दाढी करूक सांगा. सोताच्या लग्नातय असोच उभो ऱ्हवल्लो."

सामंत मोठ्यानं हसले. टेप गुंडाळता गुंडाळता सहज बोलून गेले, "खरं तर मी तुम्हाला फेब्रुवारीतच लिहिलं होतं. तुमच्या वेबसाईटवरून. उत्तर काही आलं नाही, मग विचारत विचारत आलो."

"वेबसाईटीर?" बाबांची मान ताठ झाली, त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ती ह्या माझ्या चेडवान केल्यान. कॉलेजात होता तेव्हा." आणि मग हातातल्या फडक्यानं लेथचा दांडा पुसत म्हणाले, "थंय आता कोण लिवत नाय."

"मी लिहिलं ना," सामंत म्हणाले.

बाबांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल आणि लागलं नसेल. टेपचं टोक माझ्या हातून सुटलं आणि पत्र्याची ती पिवळी पट्टी सर्रकन डबीत शिरली.

शुक्रवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो, म्हणून सामंत गेले. तो बुधवार होता.

ह्याला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते, अजूनही शिकवते. बाबांचा फोन आला होता, "लेथ देऊन टाकतंय. एकदा येवन बघून जा." चार शब्द जास्त बोलायची त्यांना सवय नाही. मी तीन दिवसांची रजा टाकून सावंतवाडीला आले होते.

आमच्या घरात लाकडाची फळं, भोवरे, भातुकली, सगळं तयार करून फळीवर मांडलेलं असायचं. पाळणा मात्र कधी मांडलेला नसायचा. रिकामा पाळणा घरात ठेवू नये, झुलवू तर त्याहून नये, असं आमच्याकडे मानतात, आणि बाबांच्या आज्यापासून कारखान्याचा नेमच पडला होता की कुणी मागितल्याशिवाय पाळण्याला लाकूड चिरायचं नाही. आधी निरोप यायचा, की अमक्या गावी, अमक्या घरी, अमक्या महिन्यात. मग शिवणीच्या लाकडाचा ओंडका निघायचा. दुसरा नेम पाळीचा. काल मागणाऱ्याच्या आधी आज मागणाऱ्याचं काम हातात घ्यायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. एकदा एका आमदाराच्या सुनेला पाचव्या नंबरावर थांबवलं होतं, आणि बाळ पाळण्याच्या आधी येऊन पोचलं होतं.

लेथवर पाळण्याचा खूर फिरायला लागला की बाबा लाखेची कांडी त्यावर टेकवायचे. लाकूड तापायचं, लाख वितळायची, आणि रंग लाकडाला असा बिलगायचा की जणू आतूनच वर आला. शेवटी केवड्याचं पान दाबून धरायचे, त्यानं झिलई चढायची. आत्या पाळण्यावर टांगायच्या लाकडी राघूंना ब्रशनं डोळे काढायची आणि गुणगुणायची,

राघू टांगले गं चार, मैना टांगली पाचवी
तान्हुल्याची वाट बघे पाळण्याची दोरी नवी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बाबांची वेबसाईट केली. वर्गात तेवढीच एक खऱ्या धंद्याची होती, म्हणून सरांनी ती सगळ्यांना पडद्यावर दाखवली. वर लाल अक्षरं डावीकडून उजवीकडे सरकत होती, खाली किती लोक येऊन गेले त्याचा आकडा फिरत होता, आणि एका पानावर फॉर्म होता. नाव, गाव, काय हवं. पाठवलं की अक्षरं यायची, 'आपल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले जाईल.' हे वाक्य बाबांचं. बाबांना कॉम्प्युटर येत नव्हता, म्हणून पत्र माझ्या कॉलेजच्या मेलवर येईल आणि मी फोन करून त्यांना सांगेन असं ठरलं. दोन वर्षांत नऊ पाळण्यांची मागणी आली. पहिला नागपूरला गेला. तो बांधून गाडीत चढवताना बाबा दिसेल त्याला सांगत होते, "ह्या वेबसाईटीरून इला."

मग पत्रं थांबली. मी नोकरीला लागले, लग्न झालं. लोकांनाही आता फोमचे, चाकांचे, बटणावर झुलणारे पाळणे मिळत होते. थांबली तर थांबली, असं मी धरून चालले.

त्या बुधवारी सामंत गेल्यावर मी मागच्या पडवीत गेले आणि मोबाईलवर ती साईट उघडली. अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. दोन बोटांनी ओढून मोठी केली तर अर्धं पान बाहेर जायचं. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. फोन नंबर घरच्या जुन्या तारेच्या फोनचा, जो काढून नऊ-दहा वर्षं झाली होती. फॉर्म तेवढा शाबूत होता. नावाच्या जागी 'चाचणी' असं लिहिलं आणि पाठवलं.

'आपल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले जाईल.'

कुठे गेलं हे पत्र? मी स्वतःलाच विचारलं आणि विचारता विचारताच आठवलं. माझ्या कॉलेजच्या मेलवर. ती मेल मी पास होऊन बाहेर पडले त्याच महिन्यात कॉलेजनं बंद केली होती. पत्ता बदलायचा माझ्याकडून राहून गेला होता.

रुक्सानाला फोन लावला. रुक्साना मुजावर माझी कॉलेजची मैत्रीण, कोल्हापुरात तिची वेबसाईटची छोटी कंपनी आहे आणि आमची साईट पहिल्यापासून तिच्याकडेच पडून होती.

"कुठली साईट? ती तुझ्या बाबांची?" ती हसायलाच लागली. "अगं, ती मी नव्या पोरांना दाखवत असतो. बघा रे, असं काम करायचं नसतंय."

"रुक्साना, त्या फॉर्मची पत्रं कुठे साठत असतील का?"

"साठत असणार की. तूच तसं केलंवतंस. एक कॉपी मेलला, एक साईटच्या पोटात. थांब, बघतो." कीबोर्डची टकटक ऐकू आली, मग ती थांबली.

"रुक्साना?"

"हां. अगं, कचराच लई आहे, तुम्हाला लॉटरी लागली, नंबर पाठवा, असलं. ते गाळलं." तिचा आवाज उतरला होता. "एकशे छत्तीस खरी आहेत, शरयू. शेवटचं आजचंच, त्यात नुसतं चाचणी लिहिलंय. कोण हा चाचणी?"

"मीच."

"मग एकशे पस्तीस. नऊ वर्षांची." ती म्हणाली, "तुझे बाबा दर वर्षी साईट चालू ठेवायचे पैसे पाठवतात बघ. तारीख चुकत नाही. मला वाटलं, येत असतील मागण्या, म्हणून ठेवत असतील."

तिनं सगळी पत्रं पाठवली. तळ्याकाठच्या झेरॉक्सवाल्याकडून मी ती छापून घेतली आणि घरी येईपर्यंत रस्त्यातच वाचत सुटले. एका रिक्षावाल्यानं शिवी हासडली तेव्हा कळलं की मी मधोमध उभी आहे.

पहिलं नाशिकच्या मृणाल देवस्थळीचं. 'नमस्कार. आमच्याकडे भाद्रपदात बाळ येणार आहे. माझ्या आजोळी तुमचा पाळणा होता, लाल-पिवळा, मोती लावलेला. मला तसाच हवा. तुमचा फोन लागत नाही.' दुसरंही तिचंच, 'मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. मिळालं का?' मध्ये दोन-तीन दुसऱ्यांची. मग पुन्हा तिचं, 'आठवा महिना लागला. नाही म्हणायचं असेल तरी कळवा, म्हणजे दुसरीकडे बघू.' आणि नवव्या पानावर, 'राहू दे आता. प्लास्टिकचा आणला. मुलगी झाली. तुमचे पाळणे फार सुंदर असतात.'

एका शाळामास्तरांना चाळीस भोवरे हवे होते. मस्कतहून एकानं लिहिलं होतं की बायको गावी बाळंत व्हायची आहे, पाळणा परस्पर कणकवलीला पोचवाल का. लातूरच्या एकाचं दोनच ओळींचं होतं, 'लग्नाला नऊ वर्षं झाली. आता दिवस राहिलेत. पाळणा पाहिजे, रंग तुम्ही ठरवा.' आणि एका म्हातारीचं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, 'तुमच्या वडिलांनी आमच्या थोरल्याच्या वेळी पाळणा केला होता. त्याचा एक राघू पणतवंडानं मोडला. नुसता राघू मिळेल काय?'

तीन राघू आपापल्या दोरीला लोंबताहेत आणि चौथ्याची दोरी रिकामी, असं काहीतरी मला डोळ्यांपुढे दिसत राहिलं. कागद ओट्यावर ठेवत होते, उचलत होते. उठत होते, बसत होते.

गुरुवार उजाडला. बाबा सकाळपासून लेथला तेल देत होते. एकेक चाक, एकेक खिळा. आजोबांच्या वेळी ती दोरी ओढून चालायची, बाबांनी तिला मोटर बसवली होती, ती मोटरही त्यांनी खोलून पुसली. पिवळ्या दिव्याखाली नुसती उभी राहायची होती लेथ, तिला तेल कशाला लागतंय?

मी चहा घेऊन गेले. "बाबा," म्हटलं.

"काय गो?"

"काय नाय. चाय."

पुन्हा गेले. रंगाचे डबे आवरत असल्यासारखं दाखवलं, एक डबा पाडला. पुन्हा बाहेर आले. विहिरीपर्यंत गेले, कळशी न भरताच परत. आत्या ओसरीवरून हे सगळं बघत होती.

"पायाक भिंगरी बांधलंस काय गो? एका जाग्यार बस बघूया."

बसले तर मांडीखाली कागद वाजले. तिनं ते ओढूनच घेतले. आत्याला वाचता येतं, पण ओठ हलवून, एकेक अक्षर चाखत. ती त्या राघूच्या पत्राशी थांबली आणि तिथून हललीच नाही.

"ह्येचे डोळे मी काढल्लंय," ती म्हणाली. "धा वर्साचा होतंय मी. बापाशीन पयल्यांदा ब्रश हातात दिल्यान तो ह्याच पाळण्याक." मग कागद उलटेसुलटे केले. "ही कवाची पत्रा? कोणाक इली?"

मी सांगितलं. मेल, कॉलेज, नऊ वर्षं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

"आत्माक सांगलंस?" आत्या बाबांना आत्मा म्हणते.

"नाय."

"मगे?"

"उद्या लेथ जाऊ दे. तेंका वाटता की लोकांका नको झाला. त्यांनी ता मानून घेतलेला आसा. आता सांगून काय होतला?"

आत्यानं कागद नीट जुळवले, कडा जमिनीवर ठोकून सारख्या केल्या आणि माझ्या मांडीवर ठेवले. "तू तुझा बघ. मी सांगूचंय नाय. माका तेचा तॉंड बघूक जमाचा नाय." जाता जाता उंबऱ्यात थांबली. "पण लेथ गेल्यार सांगलंस तर ता सांगणा नाय हां, शरयू. ती नुसती रडारड."

त्या रात्री मला झोप लागली की नाही ते आठवत नाही. शुक्रवारी उजाडताना बाबा कारखान्यात होते. दाढी केली होती. लेथच्या बाजूला स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, काहीही न करता. त्यांना असं काही न करता बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुमका एक सांगूचा आसा."

"सांग."

मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. पत्रं येत होती. ती बंद झालेल्या माझ्या मेलवर जात होती. पत्ता बदलायचं माझ्या हातून राहिलं. एकशे पस्तीस आहेत.

बाबांनी चष्मा काढला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा घातला. फडक्याला तेल होतं, काच आणखीनच धुरकट झाली, तरी त्यातूनच माझ्याकडे बघत राहिले.

"पयला वाच," ते म्हणाले.

मी वाचलं.

"पुढचा."

मी वाचत गेले. दर वेळी ते म्हणत, "पुढचा." मृणाल देवस्थळीच्या चौथ्या पत्राला त्यांनी हात वर केला. मी थांबले.

"खयच्या सालचा?"

मी साल सांगितलं.

"त्या साली मी खुर्चेक वेत विणी होतंय," ते म्हणाले. "त्या शाळेच्या साठ खुर्चये. सगळो पावस तेच्यात गेलो." मग, "शिवणीचो एक वासो होतो. चांगलो सुकल्लो. तो मी खिडकेक लायलंय." कारखान्याच्या पूर्वेकडच्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. नऊ वर्षं घरी आले की ती खिडकी मी उघडत-लावत होते.

"पुढचा वाच."

चाळीस-पन्नास झाली असतील. लातूरच्या माणसाचं वाचलं, राघूचं वाचलं. मध्येच त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मी पाणी प्यायले आणि विचारलं, "बाबा, तुम्ही माका एकदाय कसा इचारूक नाय? कोण लिवता काय, कोणाचा पत्र इला काय? एकदा इचारलं आसता तर मी उघडून बघितलं आसता."

बाबांनी लेथच्या दांड्यावरून अंगठा फिरवला.

"पयली दोन वर्सा तू फोन करी होतंस," ते म्हणाले. "किती खुशीत सांगी होतंस. मगे फोन येवक लागलो नाय. माका वाटला, कोण लिवणा नाय. आता मी इचारलंय तर तुका वाटतला, बापूस माझ्या कामाक नावा ठेवता. एवढ्या हौसेन केल्लंस. तुका वायट वाटात म्हणान मी इचारूक नाय."

मला वाटलं होतं, आपण विचारलं तर त्यांना कबूल करावं लागेल की कुणी पाळणा मागत नाही. म्हणून मीही विचारलं नव्हतं. दर दिवाळीला येत होते, दर गणपतीला येत होते, जेवायला समोरासमोर बसत होतो.

"आणि ते साईटचे पैसे?" मी विचारलं. "दर वर्षाक?"

"तुझी होती ती," बाबा म्हणाले. "बंद कशी करू?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सामंत दोन माणसांना घेऊन आत आले, हातात दोर, जाड गोधड्या. "मेस्त्रीकाका, दाढी केलीत, वा. आधी फोटो काढू की आधी लेथ हलवू?"

बाबा उठले. "सामंतांनू, बसा. एक इचारूचा आसा. तुम्ही आमका लिवलात ता कधी म्हणालात?"

"फेब्रुवारीत. का हो?"

"शरयू, कितवा?"

मी कागद चाळले. शेवटचं पान काढलं. "एकशे पस्तीसावं."

"तुमच्या आदी एकशे चौतीस पत्रा आसत," बाबा म्हणाले. "तेंची उत्तरा गेली, कामा झाली, की तुमची पाळी. मी शब्द मोडूचंय नाय. लेथ तुमकाच दितलंय. पण पाळीन."

सामंत हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हसणं ओसरलं. "काका, माणसं आली आहेत. तिकडे भिंत रंगवून तयार आहे. मी साहेबांना काय सांगू?"

"सांगा, लायनीत उभे ऱ्हवा म्हणान सांगलेला आसा," आत्या दारातून म्हणाली. "माणसांका चाय टाकतंय. साखर किती?"

दोन्ही माणसांनी गोधड्या खाली ठेवल्या आणि चहाला ओसरीवर बसली. सामंत कारखान्यात एकटेच थोडा वेळ उभे होते. जाताना माझ्या हातातल्या गठ्ठ्यावरचं त्यांचं पान त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "ही एकशे पस्तीस खरी आहेत?"

"हो."

"मग माझा नंबर माझ्या हयातीत लागायचा नाही." पण ते रागावले नव्हते.

मी रजा वाढवली. उत्तरं लिहायला बसलो. बाबा सांगत, मी लिहीत असे, आणि जिथे फोन नंबर होता तिथे फोन लावत असे. निम्मे नंबर लागलेच नाहीत. एका बाईनं मला चांगलं झाडलं, की नऊ महिन्यांचं काम नऊ वर्षांनी करता काय. मस्कतवाला आता कणकवलीतच राहत होता, त्याला तिसरं मूल व्हायचं होतं. मृणाल देवस्थळीशी बाबा स्वतः बोलले. ती म्हणाली, "थांबा हं," आणि फोन कुणाला तरी दिला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "आजोबा, मी नऊ वर्षांची आहे, मला पाळण्यात नाही मावणार." बाबांनी बाहुलीएवढं माप हातानं दाखवत विचारलं, "बावली आसा काय तुझ्याकडे?"

लातूरला फोन लागला तेव्हा मीच बोलत होते. त्या माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "तुमचं उत्तर आलं नाही ते बरंच झालं ताई," तो म्हणाला. "बाळ राहिलं नाही आमचं. पाळणा घरी येऊन पडला असता तर बायकोला बघवला नसता." मी बाबांकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली आणि खुणेनं फोन मागितला. "तुमचो पत्तो तोच आसा मां?" एवढंच विचारलं. त्या घरी त्यांनी पाळणा पाठवला नाही. राघूही नाही. केवड्याच्या पानानं झिलई केलेली एक छोटी कुंकवाची डबी पाठवली, लाल.

राघूवाल्या आजी आदल्याच वर्षी गेल्या होत्या. सुनेनं फोन घेतला. "पाळणा आहे ना," ती म्हणाली. "राघू पाठवा." आत्यानं त्याचे डोळे काढायला तीन दिवस लावले. तिचे स्वतःचे डोळे तोवर अधू झाले होते.

सुट्टी संपायच्या आत रुक्सानानं नवी साईट उभी केली. आता ती मोबाईलवर नीट उघडते, फोटो दिसतात, नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो, आणि कुणी फॉर्म भरला की त्याच क्षणी माझ्या मोबाईलवर आणि बाबांच्या मोबाईलवर संदेश येतो. सरकती लाल अक्षरं तिनं काढून टाकली. "प्रत्येक पत्राला उत्तर दिले जाईल, हे पण काढू का, काका?" तिनं फोनवर विचारलं होतं. "जुनाट वाटतंय जरा."

"ता ऱ्हवा दे," बाबा म्हणाले. "ता अजून खरा करूचा आसा."

फार पाळणे जातात असं नाही. वर्षाला पंधरा-सोळा. एखाद्या महिन्यात एकही नाही. सामंतांचा नंबर आता बावन्नावर आलाय, नव्या बाळांना ते आपणहून पुढे सोडतात; दर पाडव्याला ते फोन करून विचारतात आणि बाबा खरा आकडा सांगतात.

संदेश त्यांच्या मोबाईलवरही येतो, हे त्यांना ठाऊक आहे. वाचताही येतो आता. तरी रोज सकाळी सातला, मी डबे भरत असताना, सांगलीला माझा फोन वाजतो.

"इला काय गो कोणाचा?"

आलं असलं तर मी वाचून दाखवते, नाव, गाव, महिना. नसलं आलं तर सांगते, "नाय, बाबा."

मागे मोटरची घरघर चालू असते.

"बरा," ते म्हणतात. "उद्या इचारतंय."